वाट किती लांब?

वाशीम जिल्ह्यात आसेगाव नावाचे गाव आहे. भोवती वऱ्हाडची काळी जमीन. पावसाळ्यात कपाशी, तूर आणि सोयाबीन यांनी ती हिरवीगार होते. बैलगाडीच्या काळात अशा गावी एखादा वाटसरू येई आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्यास विचारी, "बाबा, पुढचे गाव किती लांब आहे?" त्यावर उत्तर मिळे, "आता निघालास तर दिवेलागणीला पोचशील." दुसरा कोणी म्हणे, "सूर्य कासराभर वर येईपर्यंत तेथे जाशील."

या उत्तरात एक गंमत आहे. वाटसरूने विचारले होते अंतर, आणि त्याला सांगण्यात आली वेळ. तरीही त्याचे पूर्ण समाधान होई व तो शिदोरी उचलून चालू लागे. कोस हे अंतराचे माप लोकांना ठाऊक होते. पण कोस कोठे लहान तर कोठे मोठा असे. साधारणपणे तो दोन मैलांचा, म्हणजे सव्वातीन किलोमीटरांच्या आसपासचा धरीत. त्यापेक्षा दिवस, प्रहर आणि घटका ही मापे अधिक भरवशाची वाटत. तीन तासांचा एक प्रहर आणि चोवीस मिनिटांची एक घटका, हा हिशेब सर्वत्र सारखा होता.

म्हाताऱ्याच्या उत्तराला हसण्याचे कारण नाही. ते अचूक होते, कारण त्या उत्तरात न बोललेली एक गोष्ट दडलेली होती. ती गोष्ट म्हणजे वेग. त्या काळी वाटेने जाणारा मनुष्य तासाला चार ते पाच किलोमीटर चाले. बैलगाडी त्याहून थोडी मंद असे. सर्वांचा वेग जवळजवळ एकच, म्हणून तो सांगावा लागत नसे. वेळ कळली की अंतर कळे आणि अंतर कळले की वेळ कळे.

आज त्याच वाटेवरून पायी चालणारा जातो, बैलगाडी जाते, सायकल जाते, मोटारसायकल जाते, एस. टी. ची बस जाते आणि मोटारही जाते. आता "अर्ध्या तासाची वाट" असे कोणी म्हटले, तर त्याचा अर्थ काय घ्यावा? ताशी पाच किलोमीटर चालणाऱ्याला ती अडीच किलोमीटरांची वाट आहे आणि ताशी साठ किलोमीटर धावणाऱ्या बसला तीस किलोमीटरांची. पूर्वी मुकी राहणारी ती तिसरी राशी आता स्पष्टपणे उच्चारावी लागते.

अंतर, वेग आणि वेळ या तीन राशींचे नाते फार साधे आहे. एका तासात किती वाट चालून होते, तो ताशी वेग. तेव्हा वेगाला वेळेने गुणले की अंतर मिळते. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळते, आणि अंतराला वेळेने भागले की वेग मिळतो. तिघांपैकी कोणतेही दोन माहीत असले की तिसरा लपून राहू शकत नाही. तालुक्याचे गाव वीस किलोमीटर दूर आहे असे धरले, तर ताशी पाच किलोमीटर चालणाऱ्याला तेथे जाण्यास चार तास लागतील. ताशी दहा किलोमीटर जाणाऱ्या सायकलस्वारास दोन तास लागतील. ताशी चाळीस किलोमीटर जाणाऱ्या मोटारसायकलीला अर्धा तास पुरेल. वेग दुप्पट झाला की वेळ निम्मी होते. इतके समजले म्हणजे सारे समजले असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात खरी मौज आणि खरा धोका येथून पुढेच सुरू होतो.

वऱ्हाडातील जुन्या लोकांना एक छोटी आगगाडी चांगली आठवते. यवतमाळहून कारंज्यावरून मूर्तिजापूरला आणि मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी. लोक तिला प्रेमाने 'शकुंतला' म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीने हा मार्ग उभारला. वऱ्हाडचा कापूस मोठ्या रेल्वेपर्यंत पोचवावा आणि तेथून तो मुंबईमार्गे विलायतेतील गिरण्यांना जावा, हा त्यामागचा हेतू होता. १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन या गाडीला सत्तर वर्षांहून अधिक काळ ओढीत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. पुढे गाडीच बंद पडली.

यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारे ७६ किलोमीटर, असा हा सुमारे १९० किलोमीटरांचा पट्टा होता. तो ओलांडण्यास वीस तास लागतात, असे वर्तमानपत्रांतून नेहमी छापून येई. आता १९० ला २० ने भागावे. उत्तर येते साडेनऊ. आगगाडी, आणि तिचा वेग ताशी साडेनऊ किलोमीटर! कोणताही धडधाकट सायकलस्वार तिला सहज मागे टाकील. मग ती गाडी खरोखर सायकलीहून हळू धावे काय? तसे नव्हे. ती धावे तेव्हा सायकलीहून जोरात धावे. पण ती पुष्कळ वेळ धावतच नसे. स्थानकावर थांबणे, मूर्तिजापूरला खोळंबणे, इंजिन सोडणे व जोडणे, तिकिटे देणे, निशाण दाखवणे ही सारी कामे हातांनी चालत आणि मोजकीच माणसे ती करीत. धावतानाचा वेग ताशी वीस किलोमीटर होता असे धरून पाहावे. मग १९० किलोमीटर धावण्यास साडेनऊ तास पुरतात, आणि उरलेले साडेदहा तास गाडी नुसती उभी होती असा हिशेब निघतो. सगळे अंतर भागिले सगळी वेळ, यातून जो वेग निघतो त्याला सरासरी वेग म्हणतात. उभे राहण्याची वेळही त्यात मोजली जाते. प्रवाशाला घरी केव्हा पोचू याची चिंता असते. त्याच्या दृष्टीने हाच वेग खरा.

सरासरी वेगाच्या बाबतीत हुशार मुलेही एका ठिकाणी हमखास फसतात. समजा, एक मुलगी बारा किलोमीटरांवरील शाळेत सायकलने जाते. सकाळी वारा पाठीशी असतो, म्हणून ती ताशी बारा किलोमीटर वेगाने जाते. संध्याकाळी वारा समोरून येतो, म्हणून ती ताशी सहा किलोमीटर वेगाने परतते. तिचा सरासरी वेग किती? बारा आणि सहा यांची बेरीज अठरा, तिची निम्मी नऊ. म्हणून ताशी नऊ किलोमीटर, असे उत्तर चटकन तोंडात येते. ते चुकीचे आहे. जाताना तिला एक तास लागला, येताना दोन तास लागले. चोवीस किलोमीटर वाट तीन तासांत झाली. म्हणून सरासरी वेग ताशी आठ किलोमीटर. मंद वेगाने जाण्यात तिची अधिक वेळ गेली, त्यामुळे सरासरीवर मंद वेगाचे ओझे अधिक पडले.

याच उदाहरणाची दुसरी बाजू त्याहून चमत्कारिक आहे. समजा, सकाळीच वारा समोरून आला आणि तिला शाळेत पोचण्यास दोन तास लागले. आता जाऊन येऊन ताशी बारा किलोमीटर सरासरी साधायची असे तिने ठरवले, तर परतताना तिने किती वेगाने यावे? चोवीस किलोमीटर ताशी बाराने म्हणजे एकूण दोन तास. ते दोन तास तर जातानाच संपले! आता ती मोटारीने आली किंवा विमानाने आली, तरी ती सरासरी गाठता येणार नाही. उशिरा निघून वाटेत वाहन पिटाळणाऱ्या पुष्कळ मोठ्या माणसांना हे गणित ठाऊक नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

वाहन पिटाळण्याने नेमकी किती वेळ वाचते, हेही एकदा मोजून पाहण्याजोगे आहे. वाशीम जिल्ह्यातून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. त्याची लांबी ७०१ किलोमीटर आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा खुला होऊन मार्ग पूर्ण झाला. पूर्वी नागपूरहून मुंबईस जाण्यास सोळा तास लागत. ते आता आठ तासांत जाता येईल, असे सांगण्यात आले. सपाट प्रदेशात मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे. ७०१ ला १२० ने भागले तर पावणेसहा तासांहून थोडे अधिक येतात, आणि सांगितले जातात आठ तास. ही तफावत 'शकुंतले'ने आधीच समजावून दिली आहे. घाट, विसावा, इंधन, पथकर आणि महामार्गापर्यंत येण्याची वाट हे सारे आठ तासांत येते.

आता शंभर किलोमीटरांची वाट घेऊ या आणि वेग वीस-वीस किलोमीटरांनी वाढवीत जाऊ या. ताशी वीस किलोमीटर वेगाने पाच तास लागतात. ताशी चाळीसने अडीच तास. पहिल्या वाढीने दीडशे मिनिटे वाचली. चाळीसवरून साठवर गेले की पन्नास मिनिटे वाचतात. साठवरून ऐंशीवर गेले की पंचवीस, ऐंशीवरून शंभरावर गेले की पंधरा, आणि शंभरावरून एकशेवीसवर गेले की केवळ दहा मिनिटे. वेगाची वाढ प्रत्येक वेळी सारखीच, पण हाती येणारी वेळ घटत घटत जाते. वाट वीसच किलोमीटरांची असेल, तर ऐंशीऐवजी शंभराच्या वेगाने गेल्यास वाचतात अवघी तीन मिनिटे.

मोटारीतील काट्यावर जो वेग दिसतो तो मात्र सरासरी नव्हे. तो त्या क्षणाचा वेग होय. क्षणाला वेग असतो, हा विचार दिसतो तितका सोपा नाही. कारण क्षणात अंतर ते काय कापले जाणार? आकाशातील ग्रहांची गती मोजताना भास्कराचार्यांपुढे हाच प्रश्न आला. त्यांचा जन्म १११४ सालचा. ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ रचला. ग्रहाची दिवसभराची सरासरी गती घेऊन चालत नाही, कारण ती क्षणोक्षणी बदलते. म्हणून त्यांनी 'तात्कालिकी गती'चा विचार केला. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे त्याची नोंद असलेला शिलालेख आहे. ग्रहांसाठी केलेला तो विचार आज प्रत्येक मोटारीच्या काट्यात फिरत असतो.

त्या काट्याशी शाळकरी मुलांचा फार जवळचा संबंध येतो. ती मोटार चालवीत नाहीत. ती रस्ता ओलांडतात. रस्ता सात मीटर रुंद आहे आणि मूल सेकंदाला एक मीटर चालते असे धरू या. रस्ता ओलांडण्यास त्याला सात सेकंद लागतात. आता १४० मीटर अंतरावरून काही तरी येताना दिसते. ती बैलगाडी असेल, तर येथे पोचण्यास तिला दोन मिनिटे लागतील. ताशी अठरा किलोमीटर वेगाची, म्हणजे सेकंदाला पाच मीटर जाणारी सायकल असेल, तर अठ्ठावीस सेकंद लागतील. ताशी बहात्तर किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला वीस मीटर जाते; ती बरोबर सात सेकंदांत येते. मूल रस्त्याच्या पलीकडच्या कडेला टेकते न टेकते, तोच ती तेथे असते. (ताशी किलोमीटरांना अठराने भागून पाचाने गुणले की सेकंदाचे मीटर मिळतात, हा हिशेब पाठ असलेला बरा.)

तिन्ही वाहने सारख्याच अंतरावर आहेत. डोळ्यांना अंतर दिसते. वेग तसा दिसत नाही. बाजूने जाणाऱ्या वाहनामागे झाडे, घरे सरकतात, म्हणून त्याचा वेग तरी उमगतो. समोरून सरळ येणारे वाहन जागचे हलतच नाही. ते फक्त आकाराने मोठे होत जाते. तेही सुरुवातीला फार सावकाश. १४० मीटरांवरची मोटार ७० मीटरांवर येते तेव्हा दुप्पट मोठी दिसते, आणि एवढ्यात साडेतीन सेकंद निघून गेलेले असतात. पुढची दुप्पट पावणेदोन सेकंदांत होते, त्यापुढची एका सेकंदाच्या आतच. मोटार एकाएकी अंगावर आली असे लोक म्हणतात, ते खोटे बोलत नाहीत. ती एकाच वेगाने येत असते; डोळ्यांना मात्र ते फार उशिरा कळते. अरुंद मोटारसायकल तर दूर असताना एखाद्या ठिपक्याएवढीच असते, म्हणून ती अधिकच फसवते. यासाठी वाहन किती दूर आहे एवढे पाहून भागत नाही. ते किती सेकंदांत येईल, हे पाहावे लागते. आणि ते ठरवता येत नसेल, तर वाहन निघून जाईपर्यंत थांबावे लागते.

चालवणारा थांबवील, हा भरवसाही गणिताने तपासून घ्यावा. समोर मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्यात मोटार पूर्वीच्याच वेगाने पुढे येते. मग ब्रेक लागतो आणि ती घसटत थांबते. चांगल्या, कोरड्या रस्त्यावर ब्रेकने दर सेकंदास वेग सेकंदाला पाच मीटरांनी घटतो असे धरले, तर ताशी छत्तीस किलोमीटर वेगाच्या मोटारीला ब्रेकपूर्वी दहा आणि ब्रेकनंतर दहा, असे वीस मीटर लागतात. ताशी बहात्तरला वीस आणि चाळीस, असे साठ. ताशी एकशेआठला तीस आणि नव्वद, असे एकशेवीस. वेग दुप्पट झाला की ब्रेकनंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. वेग तिप्पट झाला की ते नऊपट होते. पावसाने रस्ता ओला असला, तर हे अंतर आणखी वाढते.

यातली एकच गोष्ट नीट लक्षात घ्यावी. रस्त्यात साठ मीटरांवर गाय उभी आहे. बहात्तरच्या वेगाने येणारी मोटार तिच्यापाशी येऊन थांबते. एकशेआठच्या वेगाने येणाऱ्या मोटारीच्या चालकाने अगदी त्याच जागी गाय पाहिली आणि तितक्याच तत्परतेने ब्रेक दाबला, तरी गाईपाशी पोचताना तिचा वेग ताशी सुमारे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर उरलेला असतो.

अंतर, वेग आणि वेळ यांचे नाते आकाशाकडेही पाहावयास लावते. वऱ्हाडात पावसाळ्यात शेतावर वीज पडून माणसे व गुरे दगावतात. वीज चमकते आणि गडगडाट मागाहून येतो. दोन्ही एकाच क्षणी होतात. पण प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, म्हणून तो तत्काळ दिसतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. एक किलोमीटर यावयास त्याला तीन सेकंद लागतात. म्हणून चमक दिसताच आकडे मोजू लागावे, गडगडाट ऐकताच थांबावे आणि आलेल्या संख्येला तीनने भागावे. वीज किती किलोमीटरांवर होती ते कळते.

एखाद्या दिवशी शेतात निंदणी चालली आहे. चमक आणि गडगडाट यांत चोवीस सेकंद गेले. वीज आठ किलोमीटरांवर आहे. दहा मिनिटांनी पुन्हा मोजले तर बाराच सेकंद आले. आता ती चारच किलोमीटरांवर आहे. दहा मिनिटांत वादळ चार किलोमीटर पुढे आले, म्हणजे त्याचा वेग ताशी चोवीस किलोमीटर. उरलेले चार किलोमीटर येण्यास त्याला आणखी दहा मिनिटे पुरतील. हाती घड्याळ नाही, मोजपट्टी नाही. तरी केवळ तोंडाने आकडे मोजून अंतर, वेग आणि वेळ तिन्ही कळले. परंतु वीज ढग डोक्यावर येईपर्यंत थांबत नाही. ती ढगापासून आठ-दहा किलोमीटरांवरही पडू शकते. म्हणून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की काम टाकून पक्क्या घराकडे निघावयाचे असते, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडावयाचे नसते. बांधावरच्या एकट्या झाडाखाली तर मुळीच उभे राहावयाचे नाही. शेतापासून गाव एक किलोमीटर असेल, तर ताशी पाच किलोमीटर वेगाने चालणाऱ्याला घरी पोचण्यास बारा मिनिटे लागतात.